निनादचे दात आणि त्याचे गप्प राहणे

नेरूळ, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत निनाद तुमच्याकडे येईल. त्याआधी त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण फोनवर बोलताना तो जवळच असतो.

बाबा, हा हल्ली फोटोला का उभा राहत नाही, असे तुम्ही गणपतीत विचारले होते. त्याची खालची एक दाढ आतून पोखरली आहे आणि पुढच्या दातांच्या कडांवर तपकिरी डाग पडले आहेत. हसू आले की त्याचा हात तोंडावर जातो. जेवताना सगळा घास तो डाव्या गालातच फिरवत राहतो. वर्गातली मुले त्याला दातांवरून चिडवतात, हे त्याने फार उशिरा सांगितले. रात्री ठणका लागला की झोप मोडते, झोप मोडली की दुसरा दिवस चिडचिडीत जातो, आणि आपण मात्र त्याला वयाचा हट्ट समजतो.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला याची दुसरी बाजू दाखवली. मन खचलेल्या मुलाला ब्रश हातात घेण्याचेही त्राण राहत नाही आणि रात्री जागताना त्याचा हात बिस्किटांकडे, थंड पेयाच्या बाटलीकडे वळतो. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्याचा जोर कमी करण्याचे काम लाळेचे, पण झोपेत ती फार कमी सुटते, म्हणून रात्रीचे गोड दातांना सर्वांत घातक ठरते. नैराश्यावरच्या काही औषधांनीही तोंड कोरडे पडते. अशी औषधे चालू असतील तर दातांच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयातल्या दर ७ मुलांमागे एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो, आणि तिच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी लोकांचे कायमचे दात किडलेले आहेत. इतकी सामान्य दुखणी एकाच मुलात भेटली तर त्यात लाज कसली? निनादच्या बाबतीत आधी काय बिघडले याचा काथ्याकूट मला करायचा नाही. रूट कॅनाल सुरू झाले आहे आणि शाळेतल्या समुपदेशक बाईंशी तो बोलू लागला आहे. मनाच्या त्रासात फोनवर मदत करणारी सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही बोलते, तो क्रमांक तुमच्याजवळही असू द्या.

आई, तुझ्या हातच्या करंज्या त्याला जरूर दे, पण जेवणाबरोबर. दिवसभर थोडे थोडे गोड तोंडात राहिले की आम्लाचा मारा थांबतच नाही. बाबांची राखुंडी त्याला नको, फ्लोराइडची पेस्ट मी पाठवत आहे. रात्री दात घासल्यावर फक्त पाणी.

आणि पाहुण्यांसमोर त्याच्या दातांचा विषय काढू नका, अगदी काळजीपोटीही नाही. बाबा, तो संध्याकाळी तुमच्याबरोबर फिरायला येईल, तेव्हा दुखते का, झोप लागते का, एवढेच विचारा आणि त्याला सावकाश बोलू द्या. पुढची तपासणी सुट्टी संपल्यावर आहे. त्याआधी गाल सुजला किंवा ताप आला तर तिथल्याच दंतवैद्यांकडे लगेच न्या आणि मला कळवा.

तुमची,
मेधा