सवलतीचा खर्च कुणाच्या नावे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महागाई आणि मंदावलेली अर्थव्यवस्था यांवर आपल्या पानांतून चाललेली चर्चा मी रोज वाचते. अमुक कर कमी झाला, तमुक वस्तूला अनुदान मिळाले, भाव गोठवले, अशा घोषणा ठळक अक्षरांत येतात. त्या घोषणेचा खर्च कुणाच्या नावे पडला, हे मात्र त्याच बातमीत क्वचितच सापडते. माझी उमेदीची सगळी वर्षे हिशेब लिहिण्यात गेली. जमेची बाजू भरलेली आणि नावेची बाजू कोरी, अशी वही पाहिली की मला चैन पडत नाही. म्हणून हे पत्र.

राज्यकर्त्यांची अडचण खरी आहे, हे आधी मान्य करते. नुसती मंदी असेल तर सरकार खर्च वाढवते, मध्यवर्ती बँक व्याज उतरवते. नुसती महागाई असेल तर याच्या उलट करायचे. कामधंदा थंडावलेला आणि भाव चढते, असे दोन्ही एकदम आले की एका दुखण्याचे औषध दुसरे दुखणे वाढवते. कुणाला तरी झळ बसणार हे तेव्हा ठरलेलेच असते. ती कुणाला बसणार, एवढाच निर्णय राजकारणाच्या हातात उरतो, आणि नेमका तोच उघडपणे घेतला जात नाही.

ब्राझीलचा अनुभव मला यासाठी फार बोलका वाटतो, कारण तिथे झळ लपवून ठेवणे आणि ती आधी सांगून टाकणे, अशा दोन्ही तऱ्हा करून झाल्या. २८ फेब्रुवारी १९८६ रोजी अध्यक्ष होसे सार्नी यांच्या सरकारने क्रुझादो हे नवे चलन आणले आणि देशभरचे भाव एका फटक्यात गोठवले. लोक हरखून गेले. छातीवर बिल्ले लावून सामान्य माणसे दुकानांतले दर तपासत फिरू लागली. पहिले काही महिने महागाई खरोखर थांबल्यासारखी वाटली. मग माल दिसेनासा झाला. ठरलेल्या भावात विकणे परवडेना, तेव्हा विकणाऱ्याने माल दडवला किंवा वरचे पैसे मागितले. मांसाची टंचाई इतकी वाढली की सरकारने गुरे जप्त करायला पोलीस पाठवले. हे सगळे दिसत असूनही गोठवलेले भाव सैल केले गेले नाहीत, कारण नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती. १५ नोव्हेंबरला मतदान झाले, सत्ताधारी पक्षाने एक सोडून सर्व राज्यांची गव्हर्नरपदे जिंकली आणि सहाच दिवसांत इंधन, मोटारी, मद्य, सिगारेट यांच्या किमती वाढवणारा नवा हुकूम निघाला. ज्यांनी विश्वासाने बिल्ले लावले होते, त्यांच्या मनाचे काय झाले असेल, या विचाराने आजही वाईट वाटते. महागाई परत आली आणि आधीपेक्षा जोराने आली. १९९३ साली तिचा वार्षिक दर दोन हजार टक्क्यांच्या पुढे गेला होता.

त्याच देशाने १९९४ मध्ये दुसरी वाट धरली. फेर्नांदो एनरिके कार्दोसो तेव्हा अर्थमंत्री होते. त्यांनी सरकारी जमाखर्चाची तोंडमिळवणी आधी हाती घेतली आणि पुढचे टप्पे आगाऊ सांगून टाकले. १ मार्चपासून ‘यूआरव्ही’ नावाचे हिशेबाचे एकक सुरू झाले. नोटा जुन्याच होत्या, पण पगार आणि करार या स्थिर एककात मांडायचे, आणि त्या एककाची जुन्या चलनातली किंमत रोज जाहीर व्हायची. चार महिने लोकांना त्याची सवय होऊ दिली आणि १ जुलैला तेच एकक ‘रेआल’ नावाने चलनात आले. भाव गोठवले नाहीत, रातोरात कुणाला गाठले नाही. जूनमध्ये महिन्याला चाळीस टक्क्यांच्या वर असलेली भाववाढ काही महिन्यांत दोन-तीन टक्क्यांवर आली. हेही फुकट झाले नाही. व्याजाचे दर पुढची काही वर्षे फार चढे राहिले आणि १९९९ मध्ये चलनाचा सांभाळून धरलेला विनिमय दर बाजारावर सोडून द्यावा लागला. पण लोकांपासून काही लपवले नव्हते, म्हणून ही योजना टिकली असे माझे मत आहे.

काही सरकारे तर भावांऐवजी आकड्यांनाच हात घालतात. अर्जेंटिनात २००७ पासून सरकारने सांख्यिकी संस्थेत ढवळाढवळ केली आणि महागाईचे अधिकृत आकडे प्रत्यक्षाहून बरेच कमी येऊ लागले. ज्या खासगी अर्थतज्ज्ञांनी स्वतःचे अंदाज छापले, त्यांना २०११ मध्ये दंड ठोठावला गेला. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या देशावर जाहीर ठपका ठेवला. यात कुणाचे किती नुकसान झाले याचा विचार फारसा कुणी करत नाही. महागाईच्या आकड्यावर पगारवाढ ठरते, रोख्यांवरचे व्याज ठरते. तो आकडा खोटा असेल तर बचत करणाऱ्याच्या आणि नोकरदाराच्या खिशातून दर महिन्याला पैसे जातात, आणि त्याची पावतीही मिळत नाही.

तुर्कस्तानने व्याज चढे असते म्हणून महागाई होते, असा उलटा विचार धरला. सप्टेंबर २०२१ मध्ये १९ टक्के असलेला व्याजदर डिसेंबरपर्यंत १४ वर आणला. चलन घसरले, आयात महागली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांवर गेली. पुढे २०२३ ची निवडणूक पार पडल्यावर धोरण फिरवले, तेव्हा व्याजदर ५० टक्क्यांपर्यंत चढवावा लागला.

इथे एका शब्दप्रयोगाबद्दल आपल्या बातमीदारांना विनंती करते. ‘महागाई कमी झाली’ असे मंत्री म्हणतात तेव्हा भाव उतरले, असाच अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात येतो. समजा एखादी वस्तू १०० ची १२० झाली. पुढच्या वर्षी ती १२३ रुपये ६० पैशांना मिळू लागली. महागाईचा दर २० टक्क्यांवरून ३ वर आला, मंत्र्यांचे विधान अक्षरशः खरे ठरले, पण ज्याचा पगार १०० चा १०५ झाला त्याच्या घरातली ओढाताण तशीच राहिली. अशा माणसाला ‘आकडे पाहा, परिस्थिती सुधारली’ असे ऐकवणे म्हणजे त्याच्या अनुभवालाच खोटे ठरवणे. दर उतरल्याची बातमी देताना दोन-तीन वर्षांत भाव एकूण किती चढले आणि मजुरी किती वाढली, हे दोन आकडे शेजारी हवेत.

योग्य उपायालाही नावेची बाजू असते, हे विरोधकांनी आणि आपण वाचकांनीही मान्य केले पाहिजे. अमेरिकेत १९७९ मध्ये पॉल व्होल्कर मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. त्यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले आणि १९८० मध्ये १४ टक्क्यांवर गेलेली महागाई १९८३ पर्यंत तीन-चार टक्क्यांत आणली. त्याचा खर्च बेकारांच्या नावे पडला. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के होती. महागाई उतरल्याचे कौतुक आजही होते, पण ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचा उल्लेख त्या कौतुकात नसतो. व्याज चढवण्याला माझा विरोध नाही. चढवताना बेकार होणाऱ्यांसाठी तरतूद त्याच दिवशी का होत नाही, एवढेच माझे विचारणे आहे.

ब्रिटनमध्ये तर हिशेब मागणारी संस्था तयार असून तिला बाजूला ठेवले गेले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. सरकारी वित्ताचा स्वतंत्र अंदाज देणारी तिथली संस्था २०१० पासून काम करते, पण तिचा अंदाज यासोबत आला नाही. तीन दिवसांत पौंड डॉलरच्या तुलनेत तोवरच्या नीचांकाला गेला. सरकारी रोखे कोसळले, पेन्शन निधी अडचणीत आले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीला उतरावे लागले. गृहकर्जे महागली. कर ज्यांचा कमी होणार होता ते वेगळे आणि हप्ता ज्यांचा वाढला ते वेगळे. अर्थमंत्री तीन आठवड्यांत गेले आणि २० ऑक्टोबरला पंतप्रधान लिझ ट्रस यांनीही राजीनामा जाहीर केला.

मी सवलतींच्या विरोधात मुळीच नाही. भाव चढले की पहिला चिमटा त्यालाच बसतो ज्याचे सगळे उत्पन्न रोजच्या गरजांवर जाते, आणि त्याला आधार देणे हे सरकारचे कामच आहे. प्रश्न आधार कसा द्यायचा याचा आहे. इंधनावरचा कर सरसकट उतरवला की जो जास्त इंधन जाळतो त्याला जास्त पैसे मिळतात. जर्मनीने २०२३ मध्ये गॅससाठी वेगळी रचना केली. घराच्या आधीच्या अंदाजित वापरापैकी ८० टक्के गॅस युनिटला १२ सेंट या बांधलेल्या दराने, त्यापुढचा बाजारभावाने. कुटुंबाचे बिल आटोक्यात राहिले आणि गॅस वाचवण्याचे कारणही शिल्लक राहिले. उत्पन्नाचा भेद त्यातही केलेला नव्हता, ही उणीव होतीच, पण निदान विचार करून आखलेली योजना होती.

हिशेब आधी मांडता येत नाही, ही सबब मला पटत नाही. नेदरलँड्समध्ये केंद्रीय नियोजन कार्यालय १९८६ पासून निवडणुकीआधी राजकीय पक्षांचे जाहीरनामे तपासते. आश्वासनांचा तिजोरीवर, रोजगारावर, लोकांच्या क्रयशक्तीवर काय परिणाम होईल, ते मतदानापूर्वी छापून येते. पक्ष स्वतःहून आपली आश्वासने तिथे देतात. न दिली तर लोक कारण विचारतात.

असा हिशेब आधी मांडायला लावणारा कायदा आपल्याकडे होईल तेव्हा होवो. तोवर हे काम वृत्तपत्रे करू शकतात. कोणतीही सवलत, करकपात किंवा भावबंदी जाहीर झाली, मग ती सरकारची असो वा विरोधकांचे आश्वासन, तिच्या बातमीला जोडून एक छोटी चौकट आपण छापावी: खर्च किती, पैसा कोणत्या तरतुदीतून किंवा कर्जातून, मुदत कधीपर्यंत आणि लाभ कोणत्या उत्पन्नगटाला. उत्तर मिळाले नाही तर त्या रकान्यात ‘सांगितलेले नाही’ असे स्पष्ट छापावे, आणि मुदत संपेल त्या दिवशी तीच चौकट पुन्हा काढून दाखवावी. पहिली चौकट पुढच्या घोषणेपासूनच यावी, अशी आग्रहाची विनंती.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस