बाबा, तुम्ही विचारलंत, "कितवा नंबर?"

दांडिया बाजार, बडोदे
२० जानेवारी २०२६

ति. बाबा आणि ति. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मग तुझा नंबर कितवा?" आणि मी "ते तसं नसतं हो बाबा" म्हणून फोन आईकडे द्यायला सांगितला. तेव्हापासून मला चैन नाही. पाच वर्षं मी रात्री जागून जे करतेय, त्याबद्दल तुम्ही पहिल्यांदा आपणहून काही विचारलंत आणि मी ते चार शब्दांत उडवून लावलं. डोळ्याचं ऑपरेशन ताजं आहे, तुम्हाला वाचायची मनाई आहे, तेव्हा दादा हे वाचून दाखवेल. आई, तूही जवळ बस. यात एक गोष्ट तुझ्यासाठी आहे, ती मी चार वर्षं दडवून ठेवली आहे.

आधी नंबराचं. आमच्या बीजीएमआयमध्ये, म्हणजे मी फोनवर खेळते त्या लढाईच्या गेममध्ये, नंबर दोन तऱ्हेचे. एक गेममधली शिडी. ती ज्याची त्याने चढायची. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, मग एस (Ace). चांगली मॅच झाली की पॉइंट वाढतात, त्याला पोरं 'प्लस' म्हणतात. लवकर मेलं की 'मायनस'. ४२०० पॉइंटांना एस लागतं. त्याच्याही वर, अगदी टोकाला, कॉन्करर. तिथे पॉइंट पुरेसे नसतात, कारण एकट्याने, जोडीने किंवा चौघांनी, ज्या प्रकारात खेळाल त्या प्रकारातल्या साऱ्या सर्व्हरमधल्या पहिल्या ५०० जणांनाच ते नाव मिळतं. यादी रोज नव्याने लागते. आज तुम्ही ४९० वे असाल आणि रात्री झोपलात, तर सकाळी तुमच्या जागी दुसरंच कुणीतरी असतं.

आई, आता तुझी गोष्ट. २०२२ चा मार्च. रात्री दोनच्या सुमाराला तू पाणी प्यायला उठलीस आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होते. तू विचारलंस, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ऑफिसचं. मार्च एंडिंग." तू काही न बोलता दूध तापवलंस, त्यात हळद घातलीस आणि मी ते संपवेपर्यंत शेजारी उभी राहिलीस. आई, ऑफिसचं काही नव्हतं. त्या रात्री मी कॉन्करर झाले होते. ४८७ वी. अकरा आठवडे एकटीने खेळून, कुणालाही न सांगता. मी आनंदाने रडत होते आणि तो आनंद सांगायला घरात दोन माणसं असूनही मी खोटं बोलले, कारण मला वाटलं, तुम्हाला तो आनंदच वाटणार नाही. तू मात्र दुःख समजून माझ्यासाठी दूध तापवत होतीस. त्या खोट्याबद्दल मला माफ कर.

तिसऱ्या दिवशी मी यादीतून बाहेर होते. मग सीझन संपला आणि सगळ्यांसारखीच मीही कितीतरी पायऱ्या खाली. तेव्हा मला जुम्मादादा व्यायाम मंदिर आठवलं. बाबा, तुम्ही तिथे पोरांना मल्लखांब शिकवायचात आणि मी भिंतीशी बसून बघायची. नवा मुलगा सरसर टोकाला पोचला की सगळे टाळ्या वाजवायचे. तुम्ही नाही वाजवायचात. तुम्ही म्हणायचात, "आता उतरून दाखव." मला तेव्हा त्या मुलांची दया यायची.

त्या जुलैत तर गेमच गेला. २८ जुलैला सरकारच्या आदेशाने तो स्टोअरमधून काढला गेला, तो थेट पुढच्या वर्षी मे महिन्यात परतला. तुम्ही पेपर घडी करून ठेवलात आणि "बरं झालं" म्हणालात. मी काही बोलले नाही, पण तो शब्द मला फार लागला होता. आज सांगून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. त्या दहा महिन्यांत मी एक ठरवलं: परत आला तर शिडीमागे धावायचं नाही, टीम बांधायची.

तर हा दुसरा नंबर, टूर्नामेंटमधला. परवा तुम्ही विचारलात तो हाच असणार. एका मॅचमध्ये १६ टीम, प्रत्येकीत चौघं, म्हणजे ६४ खेळाडू. सगळे विमानातून एका मोठ्या नकाशावर उतरतात. इरांगेल नावाचा आमचा नकाशा आठ किलोमीटर लांब, आठ रुंद. हत्यारं, औषधं शोधायची, आणि एक वर्तुळ लहान लहान होत जातं, त्याच्या आत राहायचं. त्याला झोन म्हणतात. शेवटी जी टीम उरते तिला १० पॉइंट. दुसरीला ६, तिसरीला ५, मग ४, ३, २, १, १. नवव्यापासून खाली शून्य. शिवाय समोरचा एकेक खेळाडू मारला की १ पॉइंट. अशा दिवसाला सहा मॅच, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे आमचा नंबर.

आता बघा, एखादी टीम धडाधड नऊ जणांना मारते आणि बाराव्या नंबरावर संपते, तिला ९. दुसरी तिघांनाच मारते पण शेवटपर्यंत उभी राहते, तिला १३. बाबा, अण्णा ती १९४७ ची रणजी फायनल किती वेळा सांगायचे! बडोदा विरुद्ध होळकर, इथेच आपल्या बडोद्यात. हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ ची भागीदारी. गुल महंमदचे ३१९, हजाऱ्यांचे २८८. अण्णा गुल महंमदच्या फटक्यांबद्दल बोलायचे, आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, "पण हजारे हलला नाही." माझ्या टीमला मी हेच शिकवते. पोरांना हजारे माहीत नाहीत, पण न हलणं आता चांगलं जमतं.

टीममध्ये माझं काम कॉल देण्याचं. त्याला आयजीएल, म्हणजे इन-गेम लीडर म्हणतात. कुठे उतरायचं, गाडी केव्हा काढायची, कुठलं भांडण अंगावर घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे मी बोलते आणि तिघं ऐकतात. एक नडियादचा, एक सुरतेची, आणि सगळ्यात धाकटा आणंदचा, १९ वर्षांचा. त्याची बोटं माझ्या दुप्पट चालतात. चार बोटांनी खेळतो, शिवाय फोन तिरका करून नेम साधतो. मी सत्तावीस वर्षांची. तो वेग आता माझ्याकडे येणार नाही हे मला कळतं. पण वर्तुळ कुठे सरकेल आणि कोण कुठल्या टेकडीवरून येईल, हे मला त्याच्याआधी दिसतं. मंगळवार ते शनिवार रात्री नऊ ते बारा आमच्या स्क्रिम्स असतात, म्हणजे दुसऱ्या टीमांबरोबर सरावाच्या मॅच. मग अर्धा तास त्याच मॅच परत बघायच्या आणि कुठे चुकलं ते वहीत लिहायचं. माझ्या खोलीतून "लेफ्ट, लेफ्ट, कंपाउंड सोड" असं जे ऐकू येतं, ते हे.

परवाच्या वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं. क्वालिफायरचा शेवटचा दिवस नेमका १५ जानेवारीला आला. सगळं गाव गच्चीवर, भोंगे चालू, शेजारच्या मासींनी दुपारीच उंधियू आणून दिला होता. पाचवी मॅच चालू होती. तोवर आमचे चार मॅचमध्ये दुसरा, तिसरा, दुसरा आणि नववा, असे नंबर आले होते. झोन लहान झाला होता, आठ टीम उरल्या होत्या, आणि माझा स्क्रीन थबकला. कुणाचा तरी कटलेला पतंग आपल्या कठड्यावरच्या इंटरनेटच्या वायरीत अडकला होता आणि वरच्या पोरांनी मांजासकट वायरच ओढली. जुन्या फोनचं हॉटस्पॉट लावून परत आत शिरेपर्यंत दीडेक मिनिट गेलं असेल. बाबा, आमच्या खेळात दीड मिनिट म्हणजे सगळं.

परत आले तेव्हा मला वाटलं, तिघंही संपले असतील. कानात पहिला आवाज आला तो आणंदच्या पोराचा. अगदी शांत. "दीदी नथी, हूं बोलूं छूं. घर छोडो, नीचे नदी की साइड." मी रोज जे सांगते तेच तो सांगत होता: चांगलं घर मिळालं म्हणून त्याला चिकटून राहायचं नाही, वर्तुळाच्या कडेला सगळ्यांच्या आधी पोचायचं. माझा खेळाडू अजून जिवंत होता. पिंग, म्हणजे नेटला लागणारा उशीर, एरवी ३० मिलिसेकंदांच्या आसपास असतं, ते १४० वर गेलं होतं; म्हणजे मी गोळी झाडली की ती लागेपर्यंत समोरचा भिंतीमागे गेलेला. तेव्हा मी बंदूक खाली ठेवली, नुसती नकाशा बघत राहिले आणि कॉल मात्र त्यालाच देऊ दिले. चौथे आलो. सहाव्या मॅचला सहावे. एकूण ५७ पॉइंट: २३ टिकून राहिल्याचे, ३४ मारल्याचे. १६ टीमांत आम्ही चौथे, आणि पहिल्या आठ पुढे जातात.

हा माझा नंबर, बाबा. चौथा. एकही मॅच न जिंकता.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात असणार. गेल्या ऑगस्टमध्ये पेपरात "ऑनलाइन गेमवर बंदी" वाचून तुम्ही घाबरून फोन केला होतात. तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना खेळ म्हणून वेगळी मान्यता दिली आहे. मी कधी एक रुपयाही लावून खेळलेली नाही. मिळालेलं बक्षीस खात्यात येतं आणि रिटर्नमध्ये दाखवते. अकाउंट्सचं काम करणारी मुलगी आहे मी तुमची. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला ३१,००० आले, आणि फोनच ३८,००० चा. तेव्हा नोकरी सोडणार नाही, ही काळजी तुम्ही दोघांनी करू नका. एकदा तर तिसरं येऊनही पैसे मिळाले नाहीत. भरवणाऱ्याने दोन महिने "प्रोसेसमध्ये आहे" म्हटलं आणि मग नंबरच बंद. नडियादचा मुलगा त्या पैशांतून कॉलेजची फी भरणार होता. त्याचा मला अजून राग येतो. आता आधी कोण भरवतंय ते बघून मगच नाव देते.

आई, तू एकदा विचारलं होतंस की गेममध्ये माझं नाव असं पुरुषासारखं का. सुरुवातीला अनोळखी लोकांत माइक चालू केला आणि मुलीचा आवाज ऐकला की पुढची वीस मिनिटं जे ऐकावं लागायचं, ते तुला लिहून पाठवणार नाही. म्हणून तसं नाव घेतलं आणि माइक बंद ठेवला. आता टीमचा स्वतःचा चॅनेल आहे, तिथे मी मोकळेपणी बोलते. सुरतेच्या मुलीला मी पहिल्या दिवशीच सांगितलं, तू तुझंच नाव ठेव, कुणी काही बोललं तर लॉबीत मी आहे. तिने ठेवलं आहे. मीही ८ फेब्रुवारीपासून माझ्या नावाने खेळणार आहे. नाव बदलायचं कार्ड घेऊन ठेवलंय.

हो, ८ फेब्रुवारी, आमच्या पुढच्या फेरीचा दिवस. रविवार आहे, दुपारी तीनला सुरू होईल, सातपर्यंत चालेल. यूट्यूबवर लाइव्ह दाखवणार आहेत. लिंक दादाला पाठवते, त्याने टीव्हीवर लावून द्यावी. डॉक्टर म्हणाले तर बघा बाबा, नाहीतर नुसतं ऐका. उजव्या बाजूला सगळ्या टीमांची यादी असते, त्यात आमच्या नावापुढे चार बारीक चौकोन. चौकोन विझला की तो खेळाडू गेला. सुरुवातीला पंधरा मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल, आम्ही कुठेतरी झाडीत बसलेले असू. कंटाळू नका. उरलेल्या टीमांचा आकडा आठच्या खाली आला की बघायला लागा.

आणि आई, त्या चार तासांत मला फोन करू नकोस. कॉल आला की स्क्रीनवर तोच येतो आणि मला समोरचं दिसत नाही. सहावी मॅच झाली की मीच करीन, कितवीही आले तरी. तुझ्या गोळ्या वेळेवर घे. तुळशीला रोज पाणी घालतेय, दूधवाल्याला होळीपर्यंत अर्धा लिटरच सांगितलंय. येताना दादाकडून माझ्यासाठी काही आणू नका. मला तुम्ही दोघं इथे हवे आहात, समोरच्या खोलीत, दार उघडं ठेवून.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, आणंदच्या पोराला मी तुमच्या "आता उतरून दाखव" बद्दल सांगितलं. होळीनंतर तो बडोद्याला येतोय आणि त्याला मल्लखांब बघायचा आहे. त्याला व्यायाम मंदिरात तुम्ही घेऊन जाल का?