विषय: गॅस मीटर घनमीटरचा, बिल मात्र घनफुटाचं

प्रति,
ग्राहक सेवा, बिलिंग विभाग, पुणे ऑफिस

नमस्कार,

गेल्या आठवड्यात फोनवर तुमच्या ज्या ताईंशी बोलणं झालं त्यांनीच सांगितलं की सगळं नीट लिहून पाठवा, मराठीत लिहिलंत तरी चालेल, मी इथून योग्य माणसापर्यंत पोचवते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी माझं बोलणं मधे न तोडता ऐकून घेतलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. अकाउंट नंबर ईमेलच्या विषयात दिलाय, बिलं आणि फोटो सोबत जोडलेत.

तक्रार साधी आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात माझं घर आहे, तिथे तुमच्या कंपनीने बसवलेला गॅस मीटर घनमीटरमध्ये मोजतो आणि तुमची सिस्टीम त्याला जुना घनफुटाचा मीटर समजून बिल काढते. त्यामुळे गॅसचं बिल खऱ्या वापराच्या २.८३ पट येतंय.

आम्ही घर घेतलं तेव्हा जिन्याखालच्या कपाटात जुना मीटर होता, चार आकडी, त्यावर फूट लिहिलेलं. गेल्या शरद ऋतूत तुमच्याच वतीने एक इंजिनियर आला, तो मीटर काढून स्मार्ट मीटर बसवून गेला, चांगलं काम केलं त्याने, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. नवीन मीटर पाच आकडी आहे आणि स्क्रीनवर आकड्याच्या शेजारी एम आणि त्याच्या डोक्यावर छोटा तीन असं स्वच्छ दिसतं. म्हणजे घनमीटर. पण तुमच्या रेकॉर्डमध्ये मीटरचा सिरीयल नंबर बदलला आणि युनिटचा रकाना तसाच जुना राहिला असं दिसतंय, कारण बिलाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात जो हिशोब छापता त्यात २.८३ ने गुणलेलं आहे. जुन्या मीटरचं एक युनिट म्हणजे १०० घनफूट, आणि १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणून जुन्या मीटरला तो गुणाकार लागतो. नवीन मीटरला लागत नाही. बस इतकंच आहे, पण या इतक्याशा गोष्टीने आमचा अख्खा हिवाळा खाल्लाय.

जानेवारीचं बिल घ्या. मीटरवर त्या महिन्यात १४० युनिट वाढले, या आकड्याबद्दल तुमचा माझा वाद नाही, दोघांकडे तोच आहे. घनमीटर धरून हिशोब असा होतो: १४० गुणिले १.०२२६४ (तापमान आणि दाबासाठीची ठरलेली दुरुस्ती), गुणिले कॅलॉरिफिक व्हॅल्यू, म्हणजे एका घनमीटर गॅसमधली उष्णता, ३९.४ मेगाज्यूल (ती तुमच्याच बिलावरची), भागिले ३.६, म्हणजे मेगाज्यूलचे किलोवॅट अवर होतात. उत्तर १,५६७ किलोवॅट अवर. तुमचं बिल म्हणतं ४,४३४. किलोवॅट अवरला साधारण ६ पेन्स धरले तर ९४ पाउंडांच्या जागी २६६ पाउंड, स्टँडिंग चार्ज (रोजचा ठरलेला आकार) वेगळा. इथल्या ऊर्जा नियामकाने, ऑफजेमने, २०२३ मध्ये मध्यम वापराच्या घरासाठी गॅसचा वर्षाचा आकडा ११,५०० किलोवॅट अवर धरला होता, म्हणजे तुमच्या मते आम्ही त्याचा एक तृतीयांशाहून जास्त गॅस एका जानेवारीत जाळला, तीन बेडरूमच्या सेमी डिटॅच्ड घरात, जिथे दिवसभर दोन खोल्यांचे रेडिएटर बंद असतात.

आता तुमच्याकडून प्रत्येक वेळी जे उत्तर येतं त्याबद्दल. "आमच्या सिस्टीमप्रमाणे तुमचा मीटर इम्पिरियल आहे." म्हणजे घनफुटाचा. मीटरचा फोटो पाठवला तरी हेच उत्तर, व्हिडिओ पाठवला ज्यात बटण दाबल्यावर स्क्रीन उजळते आणि घनमीटर दिसतं, तरी हेच उत्तर. अहो, सिस्टीममध्ये कोणीतरी टाइप केलंय आणि मीटरवर छापलंय, यातलं खरं काय हे ठरवायला कुणाची परवानगी लागते? आपल्याकडे महावितरणच्या बिलावर मीटरच्या रीडिंगचा फोटो छापून यायचा, तुम्ही पुण्यात बसता, तुम्ही ते बिल पाहिलं असेलच. आणि एमएनजीएलचा पाइप गॅस असेल तर त्याचं बिल घनमीटरमध्येच येतं, त्यामुळे मी काय म्हणतोय ते तुम्हाला तरी समजावून सांगायला नको.

माझ्या घरात ऑटोमेशनची बरीच खटपट आहे, ती इथे सांगतो कारण पुरावा तिथूनच येतो. एका छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर चालतं, त्यावर दिवे, रेडिएटरचे व्हॉल्व्ह, दाराचे सेन्सर आणि बॉयलर असं सगळं जोडलंय. स्मार्ट मीटर घरातल्या घरात झिगबी नावाच्या वायरलेसवर बोलतो, त्याला रीतसर जोडता येईल असा ग्लो कंपनीचा डिस्प्ले मी घेतलाय, तो घरच्याच नेटवर्कवरून होम असिस्टंटला आकडे देतो. विजेचा आकडा दर दहा सेकंदांनी हलतो. गॅसचा अर्ध्या तासाने येतो, कारण गॅस मीटर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी वाचवायला मधल्या वेळात झोपलेला असतो. हे आकडे मी बनवलेले नाहीत, तुम्हीच बसवलेल्या मीटरमधून ते निघतात, आणि जानेवारीची बेरीज १,५६७ च्या आसपासच येते. इतकंच कशाला, मीटर बसवताना तुमच्या माणसाने जो डिस्प्ले हातात दिला, किचनमध्ये मायक्रोवेव्हशेजारी ठेवलेला, तोसुद्धा हाच आकडा दाखवतो. तुमचं यंत्र एक सांगतंय आणि तुमचं बिल दुसरं.

दुसरा पुरावा बॉयलरचा. बॉयलर आणि थर्मोस्टॅटच्या मधे त्यांचं आपसातलं बोलणं टिपणारं एक यंत्र, ओपनथर्म गेटवे, लावलाय, त्यामुळे ज्योत कधी पेटली, कधी विझली आणि किती टक्क्यांवर चालली याची नोंद राहते. बॉयलर २४ किलोवॅटचा आहे. तुमचे ४,४३४ खरे मानायचे तर जानेवारीत रोज जवळजवळ सहा तास तो पूर्ण ताकदीने पेटलेला हवा. नोंदीत काय दिसतं तर पहाटे साडेपाचला तो जोरात सुरू होतो, वीसेक मिनिटांत खाली उतरतो आणि मग सकाळभर अगदी मंद ज्योतीवर राहतो, दुपारी बंद, संध्याकाळी परत तेच. पाणी ५५ डिग्रीच्या वर जाऊ नये असं लावून ठेवलंय म्हणजे कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरतो आणि गॅस वाचतो. असे ग्राहक हवेत असं तुम्हीच तुमच्या जाहिरातीत म्हणता, आणि त्याच ग्राहकाला तिप्पट बिल लावून वर "हीटिंग एक डिग्री कमी करून पाहा" असा सल्ला ईमेलने पाठवता. त्या ईमेलचा मला फार राग आला, हे स्पष्ट लिहितो.

मग इंजिनियर पाठवतो म्हणालात. सकाळी ८ ते १२ ची वेळ दिली, मी सुट्टी घेतली, कोणी आलं नाही, आणि दुपारी मेसेज आला की आमचा माणूस येऊन गेला, घरी कोणी नव्हतं. माझ्या डोअरबेलला कॅमेरा आहे, त्या चार तासांत दारात फक्त पोस्टमन आला, क्लिप जोडली आहे. ठरलेली अपॉइंटमेंट चुकवली तर ऑफजेमच्या गॅरंटीड स्टँडर्ड्सप्रमाणे, म्हणजे किमान सेवेच्या नियमांप्रमाणे, ग्राहकाने न मागता भरपाई द्यायची असते. ती अजून आलेली नाही. पैशापेक्षा मला तो मेसेज लागलाय, कारण त्यात मी खोटा ठरतो.

फोनचं म्हणाल तर तुमची लाइन सकाळी आठला उघडते. इथे जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, लाइनही आठलाच उघडते आणि साडेआठपर्यंत त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपतात, हे या देशात राहणाऱ्या कुणालाही विचारा. मुलगी तापाने फणफणलेली असताना बायको एका फोनवर जीपीच्या रांगेत आणि मी दुसऱ्या फोनवर तुमच्या रांगेत, दोन्हीकडे तेच संगीत आणि तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आता सगळीकडे हेच झालंय. लंडनची ट्रेन रखडली की ट्रेनवाले रुळांवर ढकलतात आणि रूळवाले सिग्नलवर, कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, कचऱ्याचा डबा उचलला नाही तर कंत्राटदाराला विचारा, आणि तुम्हाला विचारलं तर मीटरचं रेकॉर्ड दुसऱ्याच डेटाबेसमध्ये आहे, तो आमच्या हातात नाही. सगळे सॉरी म्हणतात, अगदी गोड आवाजात म्हणतात, पण चूक दुरुस्त करण्याचं काम कोणाच्याच टेबलावर नसतं. निदान ट्रेन लेट झाली तर डिले रिपे नावाचा एक फॉर्म आहे, किती मिनिटं उशीर झाला ते रेल्वे स्वतःच तपासते आणि पैसे परत करते. तुम्ही गॅसचे पैसे डायरेक्ट डेबिटने आधी काढून घेता, महिन्याचे ९५ होते ते न विचारता २१० केलेत, आणि चूक सिद्ध करायची ती मात्र ग्राहकाने.

आणि हे पत्र एवढं मोठं लिहायचं खरं कारण माझं बिल नाहीच. मी आकडेमोड करू शकतो, माझ्याकडे नोंदी आहेत, मी भांडेन. आमच्या शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. आमच्या गल्लीत तुमचे मीटर एकाच आठवड्यात बदलले, त्यांचाही त्यातच. फेब्रुवारीत त्यांच्याकडे पार्सल द्यायला गेलो तर बाई कोट घालून, मांडीवर हॉट वॉटर बॅग घेऊन किचनमध्ये बसलेल्या, बाकी घर गार. म्हणाल्या की गॅस फार महाग झालाय, परवडत नाही. त्यांची परवानगी घेऊन बिल पाहिलं तर दुसऱ्या पानावर तेच २.८३, आणि मीटरवर तोच एम आणि छोटा तीन. त्या खऱ्या बिलाला घाबरून थंडीत बसल्या नव्हत्या, तुमच्या चुकीच्या गुणाकाराला घाबरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे ॲप नाही, ईमेल नाही, फोनवर एक दाबा दोन दाबा करता करता त्या फोन ठेवून देतात. मी त्यांच्या खोलीत टेंपरेचरचा एक सेन्सर ठेवून आलोय आणि पारा १६ च्या खाली गेला की मला सूचना येते, मग मी जाऊन दार वाजवतो. हे शेजारी म्हणून मी आनंदाने करतो, पण मुळात ही वेळ यायलाच नको होती.

तेव्हा माझ्या मागण्या. माझ्या मीटरचं युनिट रेकॉर्डमध्ये घनमीटर करा, आणि ते तुमच्या बिलिंगपुरतं नको, जिथून तुम्ही ती माहिती घेता तिथेही दुरुस्त करून घ्या, नाहीतर उद्या मी कंपनी बदलली की हीच चूक पुढच्या कंपनीकडे माझ्या मागे येईल. मीटर बदलल्यापासूनची सगळी बिलं नव्याने काढा, जास्तीचे पैसे माझ्या बँकेत परत करा, अकाउंटवर क्रेडिट म्हणून ठेवू नका. डायरेक्ट डेबिट परत ९५ वर आणा. चुकलेल्या अपॉइंटमेंटची भरपाई द्या आणि घरी कोणी नव्हतं ही नोंद काढून टाका. शेजारच्या आजींची तक्रार त्यांच्या सहीच्या पत्राने वेगळी पाठवतोय, ती माझ्याआधी घ्या, मला चालेल. आणि आमच्या गल्लीत त्या आठवड्यात जे जे मीटर बदलले त्या सगळ्यांचं युनिट तपासा, तुमच्याकडे यादी असणारच, दुपारभराचं काम आहे.

पहिली लेखी तक्रार नोंदवून आता आठ आठवडे होत आले. आठ आठवड्यांत सुटलं नाही किंवा तुम्ही डेडलॉक लेटर, म्हणजे आमच्याकडून आता आणखी काही होणार नाही असं पत्र, दिलंत की प्रकरण एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे स्वतंत्र लवादाकडे, नेता येतं, ग्राहकाला त्याचा खर्च नाही, आणि तिथला निर्णय मी मान्य केला की तुम्हाला पाळावा लागतो. माझी फाइल तयार आहे. पण त्याआधी तुम्ही हे सोडवावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण तिकडे आणखी काही आठवडे जातील आणि आजींचं पुढचं बिल या महिन्याच्या २८ तारखेला निघणार आहे. त्या तारखेच्या आत निदान त्यांचं तरी दुरुस्त करून मला लेखी कळवा.

ताईंना नमस्कार सांगा.

आपला,
एक ग्राहक, रेडिंग