बंडखोर सोडा, आज्ञाधारकाकडे पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला डिस्टोपियन, म्हणजे जुलमी भविष्य रंगवणाऱ्या कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. लेखाचा सगळा भर ऑर्वेलच्या '१९८४'वर, म्हणजे घराघरातला टेलिस्क्रीन, त्यातून होणारी पाळत आणि सर्वसत्ताधीश बिग ब्रदर यांच्यावर आहे. एका बाजूला नायक विन्स्टनसारखा एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला सत्ता अशी झुंज लावून दिली की वाचकही निर्धास्तपणे त्या एकट्याच्या बाजूला जाऊन बसतो. पण या कादंबऱ्यांतली खरी अडचणीची पात्रं वेगळीच आहेत.

'१९८४'च्या जवळजवळ तीस वर्षं आधी येवगेनी झाम्यातिन यांनी लिहिलेल्या 'आम्ही' या रशियन कादंबरीचा लेखात उल्लेखही नाही. तिच्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची, पडदे ओढायचे तेही ठरलेल्या वेळी आणि शरीरसंबंधाच्या परवान्याचं गुलाबी कुपन असेल तरच. जेवताना प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा, तोही सगळ्यांनी एका लयीत. कथा सांगणारा डी-५०३ हा अंतराळयान बांधणारा गणिती. त्याला यातलं काहीच जाचत नाही. प्राचीनांच्या साहित्यातली सर्वश्रेष्ठ कृती म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक, असं त्याचं प्रामाणिक मत! पुढे तो प्रेमात पडतो, तेव्हा डॉक्टर निदान करतात की याला आत्मा फुटलाय. हे ऐकून गडी मोकळा वगैरे होत नाही, हादरतो. शेवटी शस्त्रक्रियेनं त्याची कल्पनाशक्ती काढून टाकतात आणि मग जिच्यावर जीव जडला होता तिचा छळ तो शांतपणे बघतो. मला हे पान विन्स्टनच्या छळापेक्षा जास्त भीतिदायक वाटतं.

स्वतः झाम्यातिन यांचं काय झालं? पुस्तक १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीतून आलं. सोव्हिएत रशियात ते छापायला १९८८ उजाडलं. १९२९मध्ये त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली गेली, तेव्हा तुटून पडणाऱ्यांत त्यांच्याच व्यवसायातली, म्हणजे लेखक मंडळी होती. त्यांनी लेखक संघाचा राजीनामा दिला, १९३१ साली थेट स्टालिनला पत्र लिहून देशाबाहेर जाण्याची परवानगी मिळवली आणि १९३७मध्ये पॅरिसमध्ये ते वारले.

ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'मध्येही (१९५३) पुस्तकं जाळण्याची सुरुवात सरकारी हुकमानं झालेली नाही. लोकांनाच वाचन नकोसं झालं, कुणाला काही खुपायला नको म्हणून एकेक गोष्ट गाळली गेली, असं पुस्तकं जाळणं हेच काम असलेल्या बंब खात्याचा कॅप्टनच सांगतो. याच खात्यातल्या माँटॅगच्या, म्हणजे नायकाच्या घरी पुस्तकं आहेत ही खबर देते त्याची बायको मिल्ड्रेड. 'लोक काय म्हणतील' ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधला बर्नार्ड मार्क्स! बुटका म्हणून हिणवला गेलेला, त्यामुळे व्यवस्थेवर चिडलेला. या व्यवस्थेबाहेर वाढलेल्या 'जंगली' पाहुण्याला घेऊन आल्यावर मोठमोठे लोक त्याला विचारू लागतात आणि साहेबांची तक्रार बघता बघता संपते. अशी माणसं साहित्य संमेलनातही भेटतात, असो.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहून येणार असेल, तर विन्स्टनला थोडी विश्रांती देऊन बर्नार्ड आणि मिल्ड्रेडवर एखादा लेख यावा, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक