कोणता देश आणि कोणता काळ, हे विचारल्याबद्दल

आदरणीय ग्रंथपाल मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मी आपल्या टेबलापाशी येऊन, आशियाई पार्श्वभूमीची एखादी चांगली फँटसी कादंबरी सुचवाल का, असे विचारले होते. आपण पुस्तकाचे नाव सांगण्याऐवजी मलाच विचारलेत, "कोणता देश आणि कोणता काळ?" मला उत्तर देता आले नाही. त्या एका प्रश्नाने माझ्या वाचनाला वळण लागले, पण त्याबद्दल आभार मानायचे मात्र राहूनच गेले, कारण पुस्तक परत करताना दर वेळी माझ्यामागे रांगेत कोणीतरी उभे असते. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि वाचकांना हवे ते पुस्तक शोधून देणाऱ्या इतरांच्याही नजरेस ते पडावे म्हणून सर्वांसमक्ष लिहीत आहे.

त्या दिवशी मी काहीशी खट्टू होऊन आले होते. पंधरा वर्षे मी फँटसी वाचत होते आणि त्यातले दगडी किल्ले, चिलखती सरदार, बर्फाळ उत्तर आणि सरायांत भेटणारे भाडोत्री योद्धे मला पाठ झाले होते. त्या पुस्तकांवर माझा राग नाही, मला वाचनाची गोडी त्यांनीच लावली. परंतु काही वेगळे वाचावे म्हणून मी मुखपृष्ठावरचा पॅगोडा आणि ड्रॅगन पाहून जी कादंबरी घेतली होती, तिच्यातल्या माणसांची आडनावे जपानी होती, पोशाख चिनी होते आणि मंत्र संस्कृत होते, आणि या तीन गोष्टी एकाच राज्यात कशा नांदतात हा प्रश्न लेखकाला पडलेलाच दिसत नव्हता. नाटकाच्या कपडेपटातून हाताला लागेल ते अंगावर चढवावे, तसे ते जग होते. आशियावर आधारलेली फँटसी म्हणजे इतकेच असेल, तर शोधण्यात अर्थ नाही, अशी माझी समजूत होऊ लागली होती.

आपण एक कोरा कागद घेतलात, पट्टी न वापरता त्यावर चार उभ्या रेघा ओढल्यात आणि वर शीर्षके लिहिलीत: देश, काळ, मूळ भाषा, भाषांतरकार, आणि शेवटच्या रुंद रकान्यावर 'लेखकाने काय वाचले'. मग म्हणालात की आशिया हा शब्द टाकून शोधले तर शेकडो पुस्तके येतील आणि एकही हाती लागणार नाही, पण राजवंशाचे, युद्धाचे किंवा शहराचे नाव टाकले तर दहाच येतील आणि त्यांतली चार वाचण्यासारखी निघतील. चिनी साहित्यातले वूशिया म्हणजे युद्धकलेत निपुण, स्वतःची नीती पाळणाऱ्या भटक्या वीरांच्या कथा आणि शियानशिया म्हणजे साधना करत अमरत्वाकडे जाणाऱ्यांच्या कथा, हा फरकही आपण तेव्हाच सांगितलात. हे दोन शब्द माहीत नसल्यामुळे मी किती पुस्तकांच्या शेजारून निघून गेले असेन, याची आता चुटपुट लागते.

मी अंदाजानेच चीनचा तांग राजवंश म्हटले, तेव्हा आपण गाय गॅव्हरिएल के यांची २०१० सालची 'अंडर हेवन' आणलीत आणि मुखपृष्ठाकडे न पाहता ती मागून उघडलीत. ऋणनिर्देशावरून बोट फिरवत आपण म्हणालात, "यांनी कोणाकोणाला वाचले आहे, ते आधी पाहू." त्या पानावर इतिहासकारांची नावे होती. पुस्तक मागून उघडायची सवय मला तिथे लागली, आणि ती फारशी फसवत नाही असा अनुभव आहे. कादंबरीतल्या देशाचे नाव किताई असले तरी कथा इ.स. ७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीने तांग सम्राटाविरुद्ध केलेल्या बंडावर बेतलेली आहे. तिचा नायक शेन ताई वडिलांच्या शोककाळात एका दूरच्या सरोवराकाठी, जुन्या रणभूमीवर एकटा राहतो आणि दोन्ही बाजूंच्या मृत सैनिकांची हाडे पुरत असतो. रात्री त्यांची भुते आक्रोश करतात आणि पुरलेल्या एखाद्याचा आवाज त्या कल्लोळातून कमी होतो. या कामाचा गौरव म्हणून त्याला २५० घोडे भेट मिळतात. आनंदाने हुरळून जावे अशी ही भेट त्याच्या जिवावर उठते, कारण तांग राज्याला उत्तम घोड्यांसाठी गवताळ प्रदेशावर आणि मध्य आशियावर अवलंबून राहावे लागे आणि इतके घोडे एका माणसाच्या हाती असणे दरबाराला परवडणारे नव्हते. इतिहासातला हा धागा आपण आधी सांगितला नसतात, तर ते घोडे मला केवळ शोभेचे वाटले असते.

त्यानंतर केन लिऊ यांच्या 'द ग्रेस ऑफ किंग्ज' या २०१५ सालच्या कादंबरीसोबत आपण चिनी इतिहासकार सिमा छियान यांच्या प्राचीन इतिहासग्रंथातील निवडक प्रकरणांचे भाषांतर दिलेत आणि आधी कादंबरी, मग इतिहास, असा क्रम सांगितलात. कादंबरीच्या आरंभी सम्राटाची मिरवणूक चाललेली असताना एक माणूस प्रचंड पतंगावर बसून आकाशातून त्याच्यावर हल्ला चढवतो. हे मला शुद्ध कल्पना वाटले होते. इतिहासात मात्र छिन साम्राज्याच्या पहिल्या सम्राटावर इ.स.पू. २१८ मध्ये चांग लिआंग याने एका बलदंड साथीदाराकरवी लोखंडी घण फेकवला होता आणि तो चुकीच्या रथावर आदळला होता. पुढे छिन सत्ता कोसळल्यावर लिऊ बांग आणि शियांग यू या दोघांत जो संघर्ष पेटला आणि ज्याच्या शेवटी, इ.स.पू. २०२ मध्ये, लिऊ बांग सम्राट झाला, तोच या कादंबरीचा सांगाडा आहे. घणाच्या जागी पतंग का आला, याचे उत्तर लिऊ यांनी स्वतःच घडवलेल्या सिल्कपंक या शब्दात आहे: रेशीम, बांबू, कागद आणि प्राण्यांचे स्नायुबंध यांतून उभी राहिलेली यंत्रविद्या. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यात जे सुख मिळाले, ते त्यांतल्या एकाच पुस्तकाने दिले नसते.

जपानच्या बाबतीत आपण आणखी वेगळे केलेत. लिअन हर्न यांच्या २००२ सालच्या 'अक्रॉस द नाइटिंगेल फ्लोअर' या कादंबरीत एका सरदाराने आपल्या वाड्यात अशी लाकडी जमीन घालून घेतलेली असते, की तिच्यावर मांजराचे पाऊल पडले तरी ती पाखरासारखी गाऊ लागते, आणि नायकाला ती आवाज न होऊ देता ओलांडायची असते. ही जादू असावी असे मी पुस्तक परत करताना म्हटले. आपण काही न बोलता वास्तुकलेच्या कपाटाकडे गेलात आणि क्योतो येथील निजो किल्ल्याची छायाचित्रे उघडून माझ्यापुढे ठेवलीत. फळ्यांच्या खालच्या बाजूला बसवलेल्या लोखंडी पकडी आणि त्यांतले खिळे पायाच्या भाराने एकमेकांवर घासतात आणि तो किलबिलता आवाज होतो. ते चित्र मी बराच वेळ पाहत बसले होते. कादंबरीबद्दल मात्र आपले एकमत झाले नाही. कल्पित देशाला जपानचा इतका सगळा बाज दिल्यावर तो जपान नाही असे म्हणणे मला आजही थोडे खटकते, आणि त्या सैलपणामुळेच लेखिकेला कथा हवी तशी वळवता आली, हे आपले म्हणणेही मला पटते.

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार झाले ते मूळ भाषेच्या रकान्यामुळे. इंग्रजीत लिहिलेली आणि भाषांतरित झालेली, अशी दोन्ही पुस्तके आलटून पालटून वाचायची, असा आपला आग्रह होता. नाहोको उएहाशी यांची 'मोरिबितो' जपानीत १९९६ मध्ये आली आणि कॅथी हिरानो यांचे इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये. तिची नायिका बाल्सा तिशीच्या आसपासची, भाला चालवणारी आणि पैसे घेऊन दुसऱ्याचे रक्षण करणारी बाई आहे, आणि तिच्यावर राजपुत्र चागुम याला त्याच्याच बापापासून वाचवण्याची वेळ येते. उएहाशी यांनी मानववंशशास्त्राच्या अभ्यासक म्हणून ऑस्ट्रेलियातील आदिवासींमध्ये काम केले आहे, हे आपण सांगितल्यावर मला कादंबरीचा गाभा दिसला. राज्याची अधिकृत स्थापनाकथा एक सांगते आणि त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्या याकू लोकांच्या विस्मरणात चाललेल्या कथा दुसरेच सांगतात. राजपुत्राचा जीव त्या हरवलेल्या कथांवर अवलंबून असतो. जे पुस्तक आपल्या लोकांसाठी लिहिलेले असते, ते पानोपानी खुलासे करत बसत नाही, आणि परक्या वाचकाला थोडे अडखळू देते. ते अडखळणे मला हवेसे वाटू लागले. पुढे लेखिकेऐवजी भाषांतरकाराचे नाव टाकून शोधायला आपण शिकवलेत, आणि हिरानो यांच्या नावाखाली मला उएहाशी यांचीच 'द बीस्ट प्लेयर' मिळाली. भाषांतरकाराच्या नावाने पुस्तक शोधता येते, हे तोपर्यंत मला कोणी सांगितलेच नव्हते.

आणि ती कागदाची पट्टी. आर. एफ. क्वांग यांची 'द पॉपी वॉर' (२०१८) मी मागितली, तेव्हा आपण ती लगेच दिली नाहीत. ही मुलांच्या शाळेची गोष्ट वाटेल आणि निम्म्यानंतर ती राहणार नाही, कारण तिच्यामागे १९३७ च्या डिसेंबरात नानचिंग शहरात सुरू झालेला नरसंहार आहे, हे आपण मला शांतपणे सांगितलेत. घरी पुस्तक उघडल्यावर पुढल्या एका प्रकरणापाशी आपल्या अक्षरातली पट्टी सापडली: "इथून पुढे रात्री वाचू नका." मी ते प्रकरण सकाळी वाचले. तरीही मला मध्येच पुस्तक मिटावे लागले. पण मी सावध होते आणि म्हणूनच शेवटपर्यंत जाऊ शकले. ज्या पुस्तकाने वाचक दुखावला जाऊ शकतो ते त्याच्यापासून लपवायचे नाही आणि त्याला गाफीलही ठेवायचे नाही, ही आपली रीत मला फार मोलाची वाटते.

आशियाई म्हणजे प्राचीन, ही माझी समजूत फाँडा ली यांच्या 'जेड सिटी'ने (२०१७) मोडली. तिथे मोटारी आहेत, टेलिफोन आहेत, आणि अंगावर जेड हा मौल्यवान दगड धारण करून शक्ती मिळवणारी घराणी एका बेटाच्या राजधानीवर हुकमत गाजवतात. या कादंबरीला २०१८ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. यांगत्झे चू यांच्या 'द घोस्ट ब्राइड'मध्ये तर कागदावरचे दोन्ही रकाने नेमके भरता येतात: मलाक्का, १८९३. तिथल्या चिनी घरातल्या मुलीला एका मृत तरुणासाठी मागणी येते आणि तिच्या पाठोपाठ आपण परलोकात शिरतो.

सगळ्यात शेवटी आपण मला मुळाशी नेलेत. सोळाव्या शतकातील 'पश्चिमेची यात्रा' या शंभर प्रकरणांच्या चिनी कादंबरीचे आर्थर वेली यांनी १९४२ मध्ये केलेले भाषांतर आपण आधी दिलेत, कारण त्यांनी त्यातली तीसच प्रकरणे घेतली आणि पद्ये बहुतांशी गाळली, त्यामुळे ते पहिल्यांदा वाचणाऱ्याला झेपते. मग अँथनी यू यांचे चार खंडांतले संपूर्ण भाषांतर दिलेत. वानरराजाच्या खोड्या मला ऐकून माहीत होत्या. परंतु ज्या भिक्षूचे तो रक्षण करतो, तो म्हणजे शाळेच्या इतिहासात भेटलेला युआन श्वांग, सातव्या शतकात नालंदेला येऊन शिकलेला आणि इ.स. ६४५ मध्ये ग्रंथ घेऊन मायदेशी परतलेला, हे ध्यानात आले तेव्हा मी वाचता वाचता थांबले. पाठ्यपुस्तकात तो साक्षीदार म्हणून येतो, आपल्याकडचे काय काय त्याने पाहिले तेवढे सांगून निघून जातो. इथे त्याला भूक लागते, भीती वाटते, तो शिष्यावर चुकीचा राग धरतो. आणि ज्या दिशेने तो चालला आहे, तो आपला देश त्या कथेतला दूरचा, अद्भुत पश्चिम आहे. दुसऱ्या कोणाच्या फँटसीत आपण स्वतः असतो, हे मला त्या खंडांमुळे प्रथम जाणवले.

आपला तो कागद मी जपून ठेवला आहे. तो आता दोन्ही बाजूंनी भरत आला आहे आणि 'लेखकाने काय वाचले' या रकान्यात जागा कमी पडू लागल्यामुळे मी त्याला आणखी एक पान चिकटवले आहे. चीनच्या ओळी सर्वांत जास्त आहेत, त्याखालोखाल जपानच्या. व्हिएतनाम आणि मंगोलिया अशी दोन नावे मी डावीकडे लिहून ठेवली आहेत, त्यांच्यापुढे काळाचा रकानाही भरला आहे, मूळ भाषा आणि भाषांतरकार मात्र अजून कोरे आहेत. पुढच्या आठवड्यात पुस्तके परत करायला येईन, तेव्हा तो कागद सोबत आणीन. रांग नसेल अशी वेळ पाहून येईन.

मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एक वाचक