यंदाचे वाण सोमाली गरोदर स्त्रियांच्या सोबतीसाठी

सप्रेम नमस्कार,

स्टॉकहोममधील आपल्या मराठी मंडळाने यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण न लुटण्याचे ठरवले असून, तो खर्च आणि सभासदांनी त्यात घातलेली भर सोमाली वस्ती मोठी असलेल्या रिंकेबी-टेन्स्टा या उपनगरी भागातील गरोदर स्त्रियांसाठी सोमाली बोलणाऱ्या सोबतिणी तयार करण्याकडे वळवली जाणार आहे. आपल्यापैकी अनेकजण नोकरीला जातात त्या शिस्ता (Kista) उपनगराला लागूनच ही वस्ती आहे.

स्वीडनमध्ये मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण हजारी तीन-चारच्या आसपास आहे. सोमालियात जन्मलेल्या मातांमध्ये ते जास्त आढळते. तपासणी मोफत, दुभाषाही मोफत, पण तो बहुधा फोनवर असतो, कधी पुरुष असतो, तर कधी ओळखीतलाच निघतो, आणि मग रक्तस्रावाबद्दल किंवा लहानपणी झालेल्या सुंतेबद्दल बाई तोंड उघडत नाही. सीझरची धास्तीही मोठी. मूल लहान राहून बाळंतपण सोपे व्हावे म्हणून आपण मुद्दाम कमी जेवलो, असे दक्षिण स्वीडनमधील माल्मो शहरातील सोमाली स्त्रियांनीच संशोधकांना सांगितले आहे.

बाळ फिरायचे कमी झाले, तर त्याला प्राणवायू अपुरा पडत असल्याची ती खूण असू शकते. दिवस भरत आले की बाळ शांत होतेच, ही समजूत (आपल्याकडेही ती आहेच) चुकीची आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज १५ मिनिटे डाव्या कुशीवर पडून, लाथा न मोजता, बाळ कसे आणि किती जोराने हलते याकडे लक्ष द्यावे, अशी पद्धत सुईण आणि संशोधक इंगेला रोडेस्टाड यांनी स्टॉकहोममध्ये रुजवली. ती समजावून सांगणारी आणि हालचाल मंदावताच, सकाळची वाट न पाहता, रुग्णालयाला फोन लावून देणारी बाई शेजारी हवी.

बाळ गेलेच, तर त्याला आंघोळ घालून धर्मरीतीने दफन करण्याची कुटुंबाची इच्छा कर्मचाऱ्यांपर्यंत पोचवणे हेही तिचेच काम. ‘अल्लाची मर्जी’ म्हणणाऱ्या आईला दुःख नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

फूल ना फुलाची पाकळी, प्रत्येकाने द्यावी. रक्कम मंडळाच्या स्विश (मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा) खात्यावर ‘सोबत’ असा उल्लेख करून पाठवावी, पावती मिळेल. रात्री-अपरात्री गाडी घेऊन येऊ शकणाऱ्या भगिनींनी आपली नावे चिटणिसांकडे नोंदवावीत.

आपली नम्र,
कार्यकारिणी