सेल चालू असताना गेम विक्रीतून काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: गेम विक्रीतून काढल्याने सवलत कूपन वापरता न आल्याबाबत

महोदय,

'७५० रुपयांवरील प्रत्येक गेमवर ५०० रुपये सूट, खर्च आमचा' ही आपल्या ऑनलाइन गेम स्टोअरच्या सेलची जाहिरात. तिच्या भरवशावर मी १,४९९ रुपयांचा एक गेम कार्टमध्ये टाकला. कूपन लावून किंमत ९९९ दिसत होती. संध्याकाळी पैसे भरायला गेले तर गेमच्या पानावर 'सध्या उपलब्ध नाही'. सेल संपला, कूपनची मुदत संपली आणि तोच गेम पुन्हा १,४९९ रुपयांना विक्रीला आला. आपल्या सपोर्टने एका ओळीत कळवले, 'किंमत प्रकाशक ठरवतो,' म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी.

हे उत्तर मला मान्य नाही. कूपन आपले आहे. ५०० रुपये आपल्या खिशातून जाणार होते आणि प्रकाशकाला त्याचा वाटा पूर्ण किमतीवरच मिळणार होता. तरीही प्रकाशक बिथरतात आणि गेम विक्रीतून काढून घेतात, कारण ९९९ हा आकडा एकदा दिसला की गिऱ्हाईक तीच खरी किंमत धरून बसते आणि बाकीची दुकाने जाब विचारतात. किमतीवर त्यांचा हक्क आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण मग त्यांची संमती जाहिरातीआधी का घेतली नाही? 'प्रत्येक गेम' हे शब्द आपण छापले, प्रकाशकाने नाही.

असे होऊ शकते हे आपल्याला ठाऊक असायला हवे होते. मे २०१९ मध्ये एपिक गेम्स स्टोअर या ऑनलाइन गेम दुकानाने १४.९९ डॉलर व त्यापुढच्या गेमवर स्वखर्चाने १० डॉलर कमी केले, तेव्हा 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स २' आणि 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' हे गेम सेल चालू असतानाच विक्रीतून निघाले होते. या धंद्यातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. नवे मोठे गेम चार हजारांच्या घरात गेल्यावर माझ्यासारखे विद्यार्थी सेलसाठीच पैसे साठवतात, आणि त्यांनाच ऐनवेळी रिकाम्या हाताने परत पाठवले जाते.

माझे ५०० रुपयांचे कूपन याच गेमसाठी पुन्हा चालू करून द्यावे. पुढच्या सेलमध्ये कूपन कोणत्या गेमना लागू नाही, त्याची यादी पहिल्या दिवशीच जाहिरातीसोबत द्यावी.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवेन. कार्टचे व जाहिरातीचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक, नाशिक